बांध, वाटणी आणि पूर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात, वसतिगृहाच्या निधीची चर्चा होते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या एका गोष्टीच्या आधारावर आपल्या समाजाची चार अक्षरे आणि चार पैसे उभे राहिले, त्या गोष्टीचा उच्चार ह्या व्यासपीठावरून क्वचितच होतो. ती गोष्ट म्हणजे आपल्या शेतातील माती. आजचे माझे दोन शब्द त्या मातीविषयी आणि तिच्या अभावी येणाऱ्या पुराविषयी आहेत.

पूर म्हटला की आपले डोळे आकाशाकडे जातात, अथवा धरणाच्या दरवाजांकडे. पावसाने अती केली, किंवा वरून पाणी सोडले, असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. पाऊस आणि धरण ह्यांचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु आकाशातून पडलेला थेंब नदीत पोहोचण्यापूर्वी कोणाच्या तरी वावरात पडलेला असतो. तेथे त्याला थारा मिळाला की नाही, ह्यावर पुढची पुष्कळशी कथा अवलंबून असते.

आपल्या जिल्ह्याची रचना डोळ्यांसमोर आणा. उत्तरेस सातपुडा, मधून पूर्वपश्चिम वाहणारी तापी, दक्षिणेकडे नवापूर आणि नंदुरबारचा चढउताराचा प्रदेश. सातपुड्यातून उतरणारी गोमाई शहाद्यावरून येऊन प्रकाशे येथे तापीला मिळते. दक्षिणेकडे शिवण आहे, नवापुराजवळ रंगावली आहे. ह्या नद्या लांबीने मोठ्या नाहीत. डोंगरावर पाऊस पडला की काही तासांतच त्यांचा लोंढा सपाटीवर येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापूर येथे माणसांचे प्राण घेतले आणि कित्येक संसार वाहून नेले, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. तापीसारख्या महानदीचा पूर दूरवरच्या पावसाने येतो. परंतु रंगावली, गोमाई अथवा गावाशेजारचा ओढा ह्यांचा पूर आपल्याच पाणलोटातला असतो. तेथे वावराची अवस्था निश्चितपणे बोलते.

थोडा हिशेब करू. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे चाळीस टँकर झाले. आणि हे केवळ एका एकराचे. पाचशे एकरांच्या शिवारात वीस हजार टँकर पाणी एका दिवसात उतरते. ह्यापैकी जेवढे मातीत मुरेल तेवढे पुढे विहिरीत आणि पिकात दिसेल. जे मुरणार नाही ते ओढ्यात जाईल, आणि सर्व शिवाराचे पाणी एकाच वेळी ओढ्यात गेले की त्यालाच आपण पूर म्हणतो.

पाणी मुरते कसे? चांगल्या मातीचे ढेकूळ हातात घेतले तर ते रव्यारव्यांचे असते. रव्यांच्या मध्ये बारीक पोकळ्या असतात. मुळे कुजून झालेल्या नळ्या असतात. गांडुळांची बिळे असतात. चार्ल्स डार्विन ह्या विख्यात शास्त्रज्ञाने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, तो काही विनोद म्हणून नव्हे. हे रवे एकत्र बांधून ठेवण्याचे काम शेणखत, पालापाचोळा, मुळ्या ह्यांपासून झालेला सेंद्रिय अंश करतो. तो अंश उणावला की रवा दुबळा होतो. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब हातोड्यासारखा आदळतो, रवा फुटतो, त्याची बारीक धूळ पोकळ्यांत बसते आणि जमिनीवर एक पातळ पापडी तयार होते. मग खाली माती कोरडी असली तरी वरून पाणी वाहू लागते, आणि वाहताना तीच फुटलेली माती घेऊन जाते. ओढ्याचे पाणी गढूळ दिसते, तो रंग आपल्या खाताउताऱ्याचा आहे.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव ह्याहून निराळा आणि अधिक नाजूक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले पाऊस ह्या भेगांतून खोल जातात. परंतु एकदा ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर ती पाणी फार सावकाश घेते. म्हणून श्रावणभाद्रपदातील मोठा पाऊस तिच्यावरून वाहून जाण्याचा धोका अधिक. अशा जमिनीला वर आच्छादन हवे, आत सेंद्रिय अंश हवा आणि उतारावर अडसर हवा.

आता गेल्या पन्नास वर्षांत आपल्या वावरांत काय झाले ते पाहू. मी जुन्या काळाची आरती ओवाळण्यास उभा राहिलो नाही. बैलामागे चालणाऱ्या माणसाचे कष्ट ज्यांनी काढले, ते ट्रॅक्टरला नावे ठेवीत नाहीत. परंतु बैल गेले त्याबरोबर गोठा गेला, आणि गोठ्याबरोबर उकिरडा गेला. उकिरड्याची जागा खताच्या पोत्याने घेतली. पोत्यातून नत्र, स्फुरद आणि पालाश येते. रवा बांधणारा सेंद्रिय अंश येत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या आणि उसाचे पाचट आपण बांधावर पेटवितो, म्हणजे हाती आलेले खतही धुरात घालवितो. रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरला की वरची माती पिठासारखी होते आणि खाली कडक थर बसतो. वरचे पीठ वाहून जाते. खालचा थर पाणी आत घेत नाही. शिवाय ओढ्याकाठची पडीक पट्टी, जेथे पूर्वी बाभळी, निंब आणि गवत होते, तेथपर्यंत आपण नांगर नेला. ओढा अरुंद झाला. पाणी मात्र वाढले.

ह्या सर्व गोष्टी कृषी खात्याच्या पत्रकांतून आपण वाचल्या असतील. परंतु एक कारण असे आहे, की ते कोणत्याही पत्रकात सापडणार नाही. कारण ते शेतात उत्पन्न होत नाही, आपल्या घराच्या ओसरीवर उत्पन्न होते. ते कारण म्हणजे भावाभावांतील वाटणी.

एक उदाहरण घेऊ. बारा एकरांचे एक वावर आहे. आडवे दोनशे मीटर आणि उताराच्या दिशेने दोनशे चाळीस मीटर. वरच्या अंगाला रस्ता आणि विहीर, खालच्या अंगाला ओढा. चार भाऊ आहेत. पंच बसतात. प्रत्येकाला रस्ता हवा, प्रत्येकाला विहीर जवळ हवी, प्रत्येकाला वरची हलकी आणि खालची भारी जमीन सारखी मिळावी. न्याय म्हणून हे निर्दोष आहे. म्हणून वावराचे चार उभे पट्टे पडतात. प्रत्येक पट्टा पन्नास मीटर रुंद आणि दोनशे चाळीस मीटर लांब. पुढच्या पिढीत तोच पट्टा पंचवीस मीटर होतो. आता पंचवीस मीटरांच्या पट्ट्यात ट्रॅक्टर आडवा कोण चालवील? वळणे घेण्यातच डिझेल आणि वेळ जाईल. साहजिकच नांगरट उभी होते, पेरणी उभी होते, सऱ्याही उभ्या पडतात. शंभर फुटांस दोन फूट उतार धरला तर दोनशे चाळीस मीटरांत जमीन जवळजवळ पाच मीटर खाली उतरते. म्हणजे प्रत्येक सरी ही पाण्याला ओढ्यापर्यंत धावत नेणारी पन्हळ झाली. आजोबांनी घातलेला आडवा बांध मधोमध असेल, तर तो चौघांच्या वाट्यांत चार तुकड्यांनी आला. एकाने आपला तुकडा नांगरून टाकला की पाणी तेथून फुटते, आणि उरलेल्या तिघांचा बांध असून नसल्यासारखा होतो.

आणि दोन भावांमधला नवा बांध? त्याची कथा सांगावयास नको. दरवर्षी नांगराचे एक तास अलीकडचा घेतो, एक तास पलीकडचा घेतो. बांध कोरण्यावरून आपल्याकडे बोलाचाली होतात, लग्नकार्यातले येणेजाणे थांबते, मोजणीचे अर्ज पडतात. ज्या बांधाने माती राखावयाची, तो वैर राखू लागतो.

जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली मुंबई राज्याने कायदा केला. कायद्याने तुकडा किती लहान असावा हे सांगितले; वाटणीची रेघ उभी ओढावी की आडवी, हे सांगण्याचे काम मात्र समाजाचे आहे. ते आजवर आपण केलेले नाही.

वाहून गेलेली माती कोठे जाते? काही पुढच्याच्या वावरात, काही ओढ्यात, काही सारंगखेडे आणि प्रकाशे येथील बंधाऱ्यांत, आणि त्याखाली १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाईच्या जलाशयात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील जमिनीची धूप दर हेक्टरी वर्षाला सरासरी सुमारे १६ टन असल्याचा अंदाज बांधला होता. त्यातील सुमारे दहावा हिस्सा धरणांत साठतो, असेही त्यात म्हटले होते. धरणात जेवढी माती बसली, तेवढी पाण्याची जागा गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. तो पूर आपल्या चार वावरांमुळे आला, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तापीचे पाणलोट क्षेत्र ६५ हजार चौरस किलोमीटरांचे आहे. परंतु त्याचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे, आणि उधना, लिंबायत ह्या सुरतेच्या वस्त्यांत आपल्या खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी राहतात, ह्याचा विसर पडू नये. वर माती सोडणारे आणि खाली पाण्यात सापडणारे, हे परके नाहीत. ते एकाच गणगोताचे आहेत.

येथे एका सवयीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. सपाटीवरील आपण मंडळी पुराचा दोष डोंगरावरील भिल्ल, पावरा बांधवांच्या माथी मारून मोकळे होतो. त्यांनी जंगल तोडले म्हणून पाणी आले, असे म्हणतो. सातपुड्याचे साग कोणाच्या वाड्यांच्या तुळया झाले, हे ज्याने त्याने आपल्या घराच्या आढ्याकडे पाहून ठरवावे. शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा ह्या आदिवासी पाड्याने १९९०च्या दशकाच्या आरंभापासून स्वतःच नियम करून शेकडो एकर वन राखले, दगडी बांध घातले, आणि उजाड डोंगरातून पाणी उभे केले. त्या कामाचे अग्रणी श्री. चैत्राम पवार ह्यांना २०२५ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. डोंगराकडून शिकावयाचे आहे, ते हे.

उपाय अवघड नाहीत आणि नवेही नाहीत. सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत आणि शेणखत ह्यांचा उपदेश तेव्हापासून चालू आहे. मात्र भारी काळ्या जमिनीत एक विवेक ठेवावा लागतो. तेथे अगदी समपातळीचे बांध घातले तर पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि बांध फुटतो. म्हणून तेथे किंचित ढाळीचे बांध हवेत, आणि जादा पाणी गवत राखलेल्या चरातून सावकाश ओढ्यात सोडावयास हवे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने, जिची स्थापना १९७२ साली झाली, काळ्या जमिनीवर दीर्घकाळ प्रयोग केले. पारंपरिक पद्धतीच्या क्षेत्रातून हेक्टरी वर्षाला सुमारे ६.४ टन माती गेली. रुंद वरंबा व सरी, ढाळीची आखणी आणि पावसाळ्यात जमिनीवर पीक, ह्या पद्धतीच्या क्षेत्रातून सुमारे १.५ टन गेली. पाऊस दोहोंवर सारखाच पडला होता.

त्याच्या जोडीला पऱ्हाट्या जाळण्याऐवजी यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळाव्या; उसाचे पाचट खोडव्यात सरीतच कुजू द्यावे; कापसात मूग किंवा उडीद आंतरपीक घ्यावे, म्हणजे कापसाची पाने पसरेपर्यंत जमीन उघडी राहत नाही; चारपाच वर्षांतून एकदा ताग अथवा धैंचा गाडावा. बांधावर वाळा लावावा. त्याच्या मुळ्या सरळ खोल जातात, म्हणून त्या माती बांधून ठेवतात. ओढ्याकाठची पट्टी पुन्हा गवताला आणि झाडांना परत द्यावी.

ह्याने सर्व पूर थांबतील, असे आश्वासन मी देत नाही. सलग तीनचार दिवस अतिवृष्टी झाली तर उत्तमातील उत्तम जमीनही भिजून तृप्त होते आणि पाणी सोडू लागते. परंतु पहिल्या पावसाचे पाणी धरणारे शिवार ओढ्याचा लोंढा कमी करते, त्याला उशीर लावते. आणि पुरात एका तासाचा उशीर म्हणजे जनावरांची दावी सोडण्यास, मुलांना उंचावर नेण्यास मिळालेला एक तास होय. शिवाय पूर न आला त्या वर्षीही हे श्रम वाया जात नाहीत. पुरात ज्या पाण्याने घात केला असता, तेच पाणी पुढे रब्बीला उपयोगी पडते.

आता आपल्या समाजाने काय करावे? एकट्या शेतकऱ्याला हे साधत नाही. कारण पाणी सातबारा वाचीत नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात नांगरलेल्या माळांची माती वाऱ्याने उडून गेली, तेव्हा १९३५ साली तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला, आणि १९३७ पासून शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मृदासंधारणाची मंडळे स्थापन केली. पण आपणांस इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच खानदेशात पांझरेच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धती चालली. गावाचे बागायत क्षेत्र फडांत वाटलेले असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाटकरी देईल त्या क्रमाने पाणी घ्यावयाचे. जमीन प्रत्येकाची निराळी, शिस्त मात्र सर्वांची एक. पाणी आणण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जे केले, ते पाणी जिरविण्यासाठी आपण करू शकत नाही काय?

माझ्या तीन सूचना आहेत; त्या कार्यकारी मंडळाने विचारात घ्याव्या अशी प्रार्थना आहे.

पहिली, वाटणीविषयी. आपल्या समाजात वाटणी बहुधा समाजातील वडीलधाऱ्यांच्या समक्ष होते. त्यांनी ह्यापुढे, शक्य तेथे, रेघ उताराला आडवी ओढावी. वरच्या वाट्याची जमीन हलकी असेल, तर त्याला थोडे अधिक क्षेत्र द्यावे. विहीर सामाईक ठेवावी. आज नळाने पाणी कोठेही जाते. एका कडेने सर्वांसाठी गाडीवाट राखावी. जेथे उभे पट्टे पूर्वीच पडले आहेत, तेथे कागदोपत्री वाटा निराळा राहू द्यावा, हद्दीला दगड रोवावे; पण नांगरट आणि पेरणी चौघांनी मिळून आडवी, एकाच दिवशी, एकाच पिकाची करावी. ट्रॅक्टरची वळणे कमी झाली म्हणजे खर्चही कमी होतो, हा त्यातला व्यवहार.

दुसरी, बांधाच्या तंट्याविषयी. लग्ने जुळविण्यासाठी मंडळाची समिती आहे. तशीच प्रत्येक गावी तीन जाणत्या माणसांची एक समिती असावी. तिने वैशाखात, नांगर लागण्यापूर्वी, शिवारफेरी करून फुटलेले बांध पाहावे आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे. ह्या समितीत एक भगिनी अवश्य असावी. कारण शेतात पाणी कोठून फुटते, हे निंदणीला वाकणाऱ्या बाईला जेवढे ठाऊक असते, तेवढे बांधावर उभ्या राहणाऱ्या पुरुषाला नसते.

तिसरी सूचना आपणांपैकी सुरत, नाशिक, पुणे येथे स्थायिक झालेल्या बंधूंना आहे. आपण गावाकडची जमीन एकेका वर्षाच्या खंडाने देता. ज्याला पुढच्या वर्षी ती जमीन मिळेल की नाही ह्याची शाश्वती नाही, तो शेणखत कशासाठी घालील आणि बांध कशासाठी दुरुस्त करील? तो जमिनीतून जेवढे निघेल तेवढे काढील, आणि त्याला दोष देता येणार नाही. आपण निदान पाच वर्षांचा लेखी करार करावा, खंड थोडा कमी घ्यावा, आणि त्या बदल्यात शेणखत व बांधदुरुस्ती ह्यांची अट घालावी. दूर राहून जमीन राखण्याचा हाच एक मार्ग आहे.

बंधुभगिनींनो, मुलांना आपण वाटणीत एकर मोजून देतो. एकराची लांबीरुंदी कायम राहते, म्हणून वारसा शाबूत आहे असे समजतो. परंतु जमीन ही लांबीरुंदीने नव्हे, खोलीने पीक देते. आजोबांकडून दोन हात खोल काळी माती मिळाली आणि नातवाला हातभर देऊन मुरूम वर आणला, तर सातबाऱ्यावरील आकडा तोच राहील, जमीन मात्र अर्धी झालेली असेल. ती अर्धी जमीन कोणत्याही कोर्टात परत मागता येत नाही.

येत्या वैशाखात शिवारफेरीस प्रारंभ व्हावा, ही विनंती.